दाराला राहिलेली किल्ली

गेले दोन आठवडे कुलूपवाल्याच्या कपात चहा अर्धाच येत होता.

त्याने मुलीला काही विचारलं नाही, मनात मात्र नोंद ठेवली. त्याच सुमारास कानशींच्या मुठींना जाड कापड गुंडाळलेलं दिसलं. एका छोट्या पेटीच्या कुलपाचं नाजूक काम तिने परस्पर दुसऱ्या दुकानात धाडलं. पोरगी दुकान बंद करायच्या बेतात आहे, अशी शंकेची पाल त्याच्या मनात चुकचुकली.

मग तर जास्तच जपायला हवं होतं. त्याचा उजवा हात थरथरायला लागला होता. हे फक्त डॉक्टरांना माहीत होतं, आणि डॉक्टरांशी सगळं बोलणं मेसेजवर चालायचं. मुलीला कळलं तर ती दुसऱ्याच दिवशी शटर खाली ओढेल, याची त्याला खात्री होती. फोनवर बोट भलत्याच अक्षरावर पडायचं, म्हणून त्याने टॅबलेट आणला. मुलीला सांगितलं, आताशा बारीक अक्षर दिसत नाही.

पण त्यावर अ‍ॅप कुठलं घ्यायचं? चाळीस वर्षं लोकांची दारं उघडणारा माणूस, तो सहजासहजी कुणावर विश्वास ठेवतोय! आधी त्याने फोनमधलंच अ‍ॅप काउंटरच्या कॉम्प्युटरला जोडून पाहिलं होतं. अक्षरं छान मोठी, पण त्या कॉम्प्युटरवर दिवसभर मुलगीच बसते. त्याने खिडकी बंद केली आणि तो नाद सोडला. आज टॅबलेटवर दुसरं अ‍ॅप उघडलं, तर त्याने नंबर, फोटो, माइक, सगळंच मागितलं.

"निरोप धाडायचाय की घराची झडती द्यायचीय?" तो टॅबलेटवर खेकसला.

"बाबा, फोनमध्ये आहे तेच घ्या ना," मुलगी काउंटरवरून म्हणाली. "सवयीचं आहे."

"तुला का गं एवढी घाई?"

"मला कसली घाई? सुचवलं आपलं."

त्याने तिच्याकडे रोखून पाहिलं. ती चहा आणायला आत गेली.

शेवटी त्याने फोनमधलंच अ‍ॅप टॅबलेटवर घेतलं. जोडणीसाठी काळापांढरा चौकोन उमटला. त्याच्यासमोर फोन स्थिर धरायचा होता. मागच्या वेळी, कॉम्प्युटरला जोडताना, कोपर टेकवून कसंबसं जमलं होतं. आज चौकोन फोनच्या पडद्यावर नुसता नाचत राहिला. तीनदा धरून पाहिल्यावर त्याने फोनला फडकं गुंडाळलं, किल्ल्या घासताना घट्ट पकडणाऱ्या व्हाइसमध्ये अलगद अडकवला आणि टॅबलेट त्याच्यासमोर उभा केला. जोडलं गेलं. स्वतःच्या डोक्यावर तो बेहद्द खूश झाला.

मग फोनवर यादी आली. जोडलेली उपकरणं, दोन.

टॅबलेट, आत्ता.

कॉम्प्युटर, आज सकाळी सव्वादहा.

सव्वादहाला त्याने डॉक्टरांना लिहिलं होतं की आता डावा हातही कधीकधी हलतो. म्हणजे तेही मुलीपर्यंत पोचलं. मुठींचं कापड, दुसरीकडे धाडलेलं काम, अर्धा चहा, सगळ्याचा अर्थ लागला.

मुलगी कप घेऊन आली. व्हाइसमधला फोन पाहून ती थबकली.

"माझे मेसेज वाचतेस?" त्याने विचारलं. हात एप्रनच्या खिशात होता.

"कॉम्प्युटरवर आपोआप येतात बाबा. तुम्हीच जोडलंत, तोडलं नाहीत."

"मी खिडकी बंद केली होती."

"नुसती खिडकी."

दार ओढून घेतलं म्हणजे कुलूप लागलं असं समजणारी गिऱ्हाइकं रोज यायची, आणि किल्ली बाहेरच लटकत होती म्हणून तो त्यांची यथेच्छ टिंगल करायचा.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. पंधरा दिवस झाले."

"आणि दुकान?"

"दुकान बंद करायचं असतं तर मुठींना कापड कशाला गुंडाळलं असतं?"

त्याला एकदम स्वतःची लाज वाटली. तिने फोनवरच्या यादीकडे बोट केलं. "कॉम्प्युटर काढून टाकू?"

"नको. असू दे."

त्याने खिशातला हात बाहेर काढला आणि तिच्यादेखत कामाच्या बाकावर ठेवला. बाकाच्या पत्र्यावरच्या कोऱ्या किल्ल्या बारीक वाजायला लागल्या.

मग त्याने कप तिच्याकडे सरकवला.

"भरून आण," तो म्हणाला. "सांडला तर सांडला."