हेडमास्तरांच्या नळ्या

"एकही ब्लॉक नाही," पडद्याकडे बघत डॉक्टर म्हणाले. "अभिनंदन सर! छातीत दुखलं ते गॅसेसमुळे."

टेबलावर आडव्या पडलेल्या निवृत्त हेडमास्तरांचा चेहरा उतरला. मनगटातून थेट हृदयापर्यंत नळी घालून शोधाशोध केली आणि डोंगर पोखरून निघाला काय, तर उंदीर! तोही पोटातला.

आता बाहेर तोंड कसं दाखवायचं? दाराबाहेर सारं गणगोत जमलं होतं. परदेशातला मुलगा मिळेल त्या विमानाने आला होता. सूनबाई चक्क 'बाबा, बाबा' करत होती. आणि कहर म्हणजे धाकटा भाऊ आला होता. वडिलांच्या घरात दोघांनी मधोमध भिंत घातली, तेव्हापासून बोलणं बंद. मागच्या वर्षी एका संध्याकाळी भावाने त्या भिंतीवर धाडधाड थापा मारल्या, तेव्हा हेडमास्तरांनी टीव्हीचा आवाज आणखी वाढवून त्याची जिरवली होती. पुढे चार-सहा दिवस पलीकडे चिडीचूप. हा किस्सा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला चहाबरोबर ऐकवत. आज मात्र आत येताना त्यांनी भावाचा हात धरला होता आणि म्हटलं होतं, "जा, तुझं सगळं माफ केलं."

एवढी मोठी माफी काय गॅसेससाठी?

"डॉक्टर, आलोच आहे तर एखादा स्टेंट घालूनच टाका," त्यांनी गयावया केली. "लहानसा."

"अहो सर, अडलेली नळी उघडी ठेवायला घालतात तो. उघड्या दाराला टेकू कशाला?"

"मग बाहेर तुम्ही काही बोलू नका. काय ते मीच सांगतो."

गॅसेस म्हटलं की मुलगा परतीचं तिकीट काढणार आणि भाऊ भिंतीपलीकडे जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खरं तर भावाने जाऊ नये, एवढंच त्यांना मनापासून वाटत होतं. पण तसं तोंडाने कबूल करतील तर ते हेडमास्तर कसले!

त्यांना वॉर्डात आणलं. बाकीची मंडळी चहाला गेली आणि भाऊ तेवढा कॉटजवळ बसून राहिला.

"दोन स्टेंट बसवले," हेडमास्तर शक्य तितक्या क्षीण आवाजात म्हणाले. "आत फुगा फुगवला. पण मुंगी चावल्याइतकंही दुखलं नाही मला."

भाऊ जरासा हसला.

"फुगा फुगवतात ना, दादा, तेव्हा छातीत कळ येते. क्षणभर वाटतं, संपलं सगळं."

"तुला रे काय माहीत?"

भावाने त्यांच्या अंगावरची चादर नीट केली.

"त्या संध्याकाळी मी भिंतीवर थापा मारल्या होत्या, आठवतं? त्या टीव्हीसाठी नव्हत्या."