किती पाण्यात

तीस वर्षं बाबा यंत्रांच्या तेलाची बाटली खिडकीच्या उजेडात धरून निकाल द्यायचे आणि कारखाना तो मानायचा. आता तेलातून प्रकाश सोडून ते तपासणारं यंत्र लेक चालवायची. यंत्र म्हणालं, तेल चांगलं आहे. बाबा म्हणाले, काळं पडलंय. महिन्यात तिसऱ्यांदा. "तुझं यंत्र किती पाण्यात आहे ते आज दाखवतोच!" बाबा इरेला पेटले. साहेबांनी वही उघडून तिला खुणावलं. ठरल्याप्रमाणे तिने दुसरी बाटली बाबांच्या हातात ठेवली. त्या बाटलीत नळाचं पाणी होतं. हसा बाबा, तिने मनातल्या मनात विनवलं, 'बापालाच पाणी पाजतेस होय गं?' म्हणा आणि घाला एक धपाटा. बाबांनी बाटली उजेडात धरली, डोळे बारीक केले. "बघ, पार जळालंय," ते मायेने म्हणाले. "शिकशील हळूहळू. साहेब, लिहून घ्या." साहेब लिहीतच होते.