मुरामासाची दोन अक्षरं

शिकलगार मोहेईने तलवारीची मूठ उतरवली, आतले काळवंडलेले पोलाद उजेडात धरले आणि त्यावर कोरलेली दोन अक्षरे वाचली. मुरामासा.

"हेच घासायचं ना, बाईसाहेब?"

ओतानेने मान हलवली. परवा किल्ल्यात साऱ्या सामुराईंच्या तलवारी मुठी उतरवून तपासणार होते. मुरामासा या जुन्या लोहाराची पाती शोगुनच्या घराण्याला बाधतात, अशी पिढ्यान्पिढ्यांची समजूत. आणि इथले धनी त्याच घराण्यातले. ते नाव ज्याच्याकडे सापडेल त्याची चाकरी गेली, कदाचित मानही. तिचा नवरा गेनपाची आधी म्हणाला होता, पोट चिरून घेईन, पण आजोबांच्या तलवारीला कानस लागू देणार नाही. सुनेचे दिवस भरत आले होते. तिच्याकडे पाहून शेवटी त्याने हो म्हटले, आणि तेव्हापासून तो घरी भिंतीकडे तोंड करून बसला होता. दोन दिवस अन्नाला शिवला नव्हता.

मोहेईने पाते खिडकीपाशी नेले. एक अंग पाहिले, उलटवून दुसरे पाहिले, पुन्हा पहिले. मग गालातल्या गालात हसला.

"मुरामासाच्या पात्यावर धारेलगत ज्या लाटा उमटतात ना, त्या दोन्ही अंगांना तंतोतंत जुळतात. इथं बघा. या दोघी तर अबोला धरलेल्या जावा."

तिला उमगेना, तेव्हा त्याने सरळच सांगितले. पाते वाईट नाही, पण कुण्या गावच्या लोहाराचे. नाव मागाहून कोणीतरी कोरलेले. आजेसासऱ्यांना कोणी फसवले असेल. किंवा... जाऊ द्या.

ओतानेच्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा या पात्याचा उल्लेख झाला होता.

"मग घासता कशाला?" मोहेई म्हणाला. "खोटं आहे म्हणून सांगा की किल्ल्यात."

"तिथल्या कारकुनांना अक्षरं वाचता येतात. लाटा नाही."

त्याला ते पटले. कानस उचलता उचलता तो म्हणाला, मालकांना मीच येऊन सांगतो. खोट्या नावासाठी कशाला झुरायचे, मन तरी हलके होईल त्यांचे. ओताने बराच वेळ त्या दोन अक्षरांकडे पाहत राहिली.

"तुम्ही घासा," ती म्हणाली. "सांगायचं ते मी सांगेन."

पेलाभर चहा संपायला लागतो तेवढ्या वेळात नाव गेले. तिथे पोलाद उघडे पडून लखलखू लागले. मोहेईने त्यावर मिठाचे पाणी चोपडले आणि सकाळ-संध्याकाळ असेच लावायला सांगितले, म्हणजे परवापर्यंत गंज धरेल आणि घासल्याचे दिसणार नाही. मग जमिनीवर पडलेला कीस त्याने फडक्याने पुसून घेतला.

घरी गेनपाची तसाच बसलेला होता. तिने तलवार जागेवर ठेवली. ती चुलीकडे वळली तेव्हा भिंतीकडेच पाहत त्याने विचारले, "काही म्हणाला का तो?"

ओताने कामासाठी लांब बाह्या मागे बांधत होती. तिने गाठ मारून घेतली.

"अहो, हातच धजेना त्याचा. दोनदा कानस खाली ठेवली. असलं पातं जन्मात एकदाच हाताला लागतं, म्हणाला."

गेनपाचीची पाठ ताठ झाली. सावकाश तो तिच्याकडे वळला.

"जाणकार दिसतो माणूस," तो म्हणाला. "वाढ मला."