चौथा चॅनल

आम्ही नवराबायको समारंभांत डीजे लावतो. आमच्या मिक्सरला वळण लावण्याचा नाद मी सोडून दिला आहे. पहिला चॅनल थोपटल्याशिवाय बोलत नाही, दुसरा खरखरतो, तिसरा एकाच स्पीकरमधून गातो. चौथा मागच्या कार्यक्रमात बायकोला शॉक देऊन कायमचा गेला. तिला काही झालं नाही, फक्त बोलणं कमी झालं. मी केबल कोपराला गुंडाळून खराब करतो म्हणून ती लग्नापासून माझा उद्धार करायची, तेही थांबलं. मी तक्रार केली नाही.

आज दुपारचा वाढदिवस उरकला, हॉल रिकामा झाला. बायको केबल गुंडाळायला लागली. मी मिक्सर बंद करायला गेलो, तर चौथ्याचे हिरवे दिवे हलत होते. त्याला वायरच जोडलेली नव्हती.

गाण्यावर नाचतात तसे नव्हे. कुणी बोलताना हलतात तसे, मध्येच थांबून उत्तराची वाट बघत.

"तुझा चौथा जिवंत झाला बघ," मी म्हणालो.

"बंद करा तो," ती मान वर न करता म्हणाली.

मी हेडफोन कानाला लावला.

"अहो, किती दिवस हाका मारतेय." आवाज बायकोचाच होता, बसलेला. "मिक्सर बंद करू नका."

समोर बायकोचे ओठ मिटलेले होते.

"आणि केबल कोपराला कोण गुंडाळतंय?"

मी नीट पाहिलं. कोपरावरचं वेटोळं खाली ठेवून ती मिक्सरच्या भिंतीवरच्या बटणाकडे निघाली होती.