पेलेल असा जॅक

“हा नको,” वडील म्हणाले. “पुढचा काढा.”

दुकानदाराने दुसरा जॅकही फळीवर परत ढकलला. मुलीने घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ. ती जनावरांची डॉक्टर. ओढ्यापलीकडे एक गाय पहाटेपासून आडवी पडली होती, वासराचा एकच पाय बाहेर आला होता, आणि मालकाचे दोन फोन येऊन गेले होते. औषधांची पेटी बाहेर गाडीत होती. ती मात्र इथे, ग्रीसच्या वासात, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभी.

वडिलांनी तीस वर्षं ट्रक चालवला होता. सगळा बाजार त्यांना उस्ताद म्हणायचा. निवृत्त झाल्यापासून ते लेकीची फोर-बाय-फोर चालवत. रस्ता संपतो तिथून तिचं काम सुरू व्हायचं, आणि तिथवर गाडी न्यावी तर उस्तादांनीच. काल दुपारी मात्र ओढ्याच्या काठी टायर फुटला; खिळा लागला, असं वडील म्हणाले. जुना जॅक चिखलात रुतला आणि वाकला. दोन तासांनी एक ट्रॅक्टरवाला देवासारखा भेटला म्हणून सुटका झाली. घरी आल्यावर वडील धड जेवले नाहीत. आज सकाळपासून एकच धोशा लावला होता: आधी जॅक, मग बाकीचं.

पहिला होता कात्रीसारखा उघडणारा. “गाडीचं पोट केवढं उंच! हा तिथवर पोचेपर्यंतच धापा टाकेल.” दुसरा चाकांवर सरकणारा, चांगला जाडजूड. “हा फरशीवरचा. रानात फरशी कोण घालून ठेवणार?” आता दुकानदाराने कोपऱ्यातून कमरेएवढा उंच, दातेरी खांबाचा जॅक ओढून आणला.

“हा घ्या. उस्तादांना शोभेल असा!”

वडिलांनी तो मुलीकडे दिला. “उचल.”

“मला कशाला? लावणार तुम्हीच.”

“उचल म्हटलं ना.”

तिने उचलला. हाताला रग लागली. वडिलांनी काढून घेतला. “याचा दांडा उसळला तर जबडा फोडतो. नको.”

“तुमचा तर हात बसलाय की,” दुकानदार म्हणाला.

“हात बसलाय म्हणणाऱ्यांचेच दात पडलेले पाहिलेत मी.”

“उस्ताद, जॅक बघायला आलात की जावई? प्रत्येकात खोट!”

फोन वाजला. दुसरा पाय अजून दिसत नव्हता. “ओढू नका कुणी, मी निघालेच,” ती म्हणाली, आणि फोन ठेवताच वडिलांवर उसळली. “बाबा, तुमच्याकडे रिकामा वेळ असेल. तिकडे जीव जातोय. कुठलाही एक घ्या आणि चला!”

दुकानदाराने मान खाली घातली. वडिलांच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यांनी फळीवर हात फिरवला. खालच्या बाजूला बाटलीएवढा एक हायड्रॉलिक जॅक होता, तो त्यांनी बोटांनीच शोधला. बूड चाचपलं, वरचा स्क्रू फिरवून किती लांबतो ते पाहिलं.

“वजन किती पेलतो?”

“लिहिलंय की वर. पाच टन.”

“हा. आणि याच्या बुडाखाली घालायला एक जाड फळी द्या. चिखलात ती लागेल.” मग मुलीकडे वळून, “चल, मागचं चाक उचलून दाखव. पाच मिनिटं. त्याशिवाय किल्ली देत नाही.”

गाडी उभी होती ती दुकानामागची जमीन भुसभुशीत होती. ती दात-ओठ खात गुडघ्यांवर बसली.

“आधी नट सैल कर. गाडी उचलल्यावर जोर लावलास तर ती अंगावर येईल. पुढच्या चाकाला दगड लाव. फळी ठेव. जॅक अ‍ॅक्सलखाली. अजून आत. आता दांडा मार.”

पाना नटाला लावून ती त्यावर अक्षरशः उभी राहिली, तेव्हा कुठे नट हलला. मग दांडा. वर, खाली, वर, खाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं गेलं. दोन टनांची गाडी कुरकुरत उचलली गेली. वडिलांनी वाकून टायरखाली तळहात घातला आणि फट चाचपली.

“जमलं,” ते म्हणाले. “दमलीस?”

“नाही.”

“मग हाच.”

तिने गाडी खाली घेतली, नट आवळले, जॅक मागे टाकला आणि सवयीने शेजारच्या सीटकडे वळली. वडील तिच्यासमोर आले. त्यांच्या हातात किल्ली होती.

“स्टेअरिंगवर तू बस.”

“आज नको हो बाबा! तुम्ही अर्ध्या तासात नेता. ओढ्यापलीकडे मी कधी चालवलीय? तुम्हीच तर हात लावू देत नाही.”

“काल टायर खिळ्याने फुटला नाही,” वडील म्हणाले. “खिळा मी रचून सांगितला. वाटेच्या मधोमध दगड होता. चांगला पाटीएवढा. तू फोनवर होतीस. मी समोर बघत होतो आणि मला तो दिसला नाही.”

तिने पुढे होऊन त्यांच्या डोळ्यांत निरखून पाहिलं.

“चार महिने झाले. डाव्या डोळ्याने काहीच नाही, उजव्याने नुसतं धुकं. वाटलं, निभेल. काल तू शेजारी होतीस, पोरी.”

तिच्या खिशात फोन पुन्हा वाजायला लागला. तिने ग्रीसने माखलेला हात पुढे केला आणि किल्ली घेतली. वडील बॉनेटवर हात ठेवून, गाडीच्या कडेकडेने पलीकडे गेले, दार शोधून आत बसले.

“निघ,” ते म्हणाले. “वाट मी सांगत जाईन, ती मला पाठ आहे. समोर काय आहे, तेवढं तू बघ.”