न भरणारी जखम

भाजी चिरताना बोट कापलं आणि सुनेचं नशीबच उघडलं. रोज ड्रेसिंगला दवाखान्यात जायचं, रांगेत बसून चार बायकांशी बोलायचं आणि येताना लांबचा रस्ता धरायचा. एरवी या घरातल्या बायकांना कामाशिवाय उंबरठा ओलांडायची सोयच नव्हती.

आठवड्यानं नवऱ्यानं मलमाची ट्यूब आणून तिच्या हातात ठेवली. "रोज रोज कसले हेलपाटे घालतेस? हे घरच्या घरी लाव. चार दिवसांत जखम भरेल."

"बरं," ती म्हणाली.

पंधरा दिवस झाले. ट्यूब चपटी झाली, पण भांड्यांच्या पाण्यात भिजणारी जखम होती तशीच राहिली. नवरा वैतागला. "डोंबलाचं मलम! जा बाई, उद्यापासून दवाखान्यातच जा," म्हणत तो कामावर निघून गेला.

सासूबाई त्याच्यामागे दार लावायला उठल्या आणि थबकल्या. एरवी गल्ली जागी करणारं दार आज कुरकुरलंच नव्हतं. त्यांनी बिजागरीवरून बोट फिरवून नाकाशी नेलं. मलमाचा वास! सुनेनं कापलेलं बोट पदराआड नेलं.

सासूबाईंनी फडताळातली ट्यूब आणली, उरलंसुरलं मलम पिळून काढलं आणि खालच्या बिजागरीला चोपडलं.



"उद्या मलाही ने गं. माझ्या टाचेची भेगसुद्धा काही केल्या भरत नाहीये."