बाल्कनीच्या सळ्या

"अगं, कॉलेजच्या स्मरणिकेत फक्त तुझीच ओळ राहिलीय," फोनवर हर्षदा वैतागली होती. "कुणी दुबईत मेट्रो बांधतंय, कुणी कलेक्टर झालंय. सिव्हिलला विद्यापीठात पहिली आलेली तू. तुझ्यापुढे काय लिहू?"

"कळवते," म्हणून मुक्ताने फोन ठेवला. आठ महिन्यांच्या ओवीला कडेवर घेऊन ती गॅलरीत येरझाऱ्या घालू लागली. समोरच्या बांधकामावर स्लॅबची तयारी चालली होती. बघता बघता तिचे पाय थबकले. बाहेर आलेल्या बाल्कनीच्या मुख्य सळ्या वरच्या अंगाला हव्यात, आणि या शहाण्यांनी त्या तळाला बांधल्या होत्या! खालचं टेकूंचं सेंट्रिंग काढलं, की बाल्कनी माणसांसकट खाली येणार.

ती तशीच ओवीला घेऊन धावली. "थांबा, काँक्रीट ओतू नका!"

मुकादम हसला. "वहिनी, बाळाला धूळ लागंल. घरी जावा."

"मामा, सळ्या चुकल्यात. नकाशा काढा."

"आन् तुम्ही कोण सांगणार?"

"इंजिनिअर आहे मी." तीन वर्षांनी हे वाक्य तोंडातून निघालं, तेही जरा चिरकंच.

त्याने नाइलाजाने नकाशा उलगडला. बोट फिरवता फिरवता त्याचं हसू मावळलं. मिक्सर बंद करायला लावून त्याने हात पुढे केले. "बाळ द्या हिकडं, मॅडम. वर जाऊन पोरांना तुम्हीच दाखवा."

मुक्ता शिडी चढू लागली, तशी मुकादमाच्या कडेवर ओवीने भोकाड पसरलं. दुसऱ्या पायरीवर तिचा पाय क्षणभर अडखळला. मग तिने तिसरी पायरी गाठली.